गरोदरपणातली फिट्सची गोळी आणि मुलाचं वागणं

फिट्सचा त्रास असलेल्या सुनेला दिवस गेले की घरात पहिलं वाक्य कुठलं निघतं, ते वेगळं सांगायला नको. "आता त्या गोळ्या बंद कर बाई, बाळाला बाधतील." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते, आणि बाधण्याची शंका अगदीच निराधारही नाही. तरीही हा सल्ला धोक्याचा आहे. मोठी फिट आली, म्हणजे शुद्ध हरपून सगळं अंग ताठ झालं आणि झटके सुरू झाले, की आईचा श्वास अडतो, ती पडते, पोटाला मार लागू शकतो, बाळाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. फिट्स एकामागून एक येतच राहिल्या तर दोघांच्याही जिवावर बेततं. ब्रिटनमध्ये गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या मृत्यूंची कसून चौकशी होते. तिथल्या अहवालांत अपस्मारामुळे, म्हणजे फिट्सच्या या आजारामुळे, झालेले अचानक मृत्यू पुन्हा पुन्हा आढळतात, आणि औषध पुरेसं चालू नसणं हा त्यातला एक ठळक धागा आहे. गोळ्या मनाने बंद करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणं.

मग बाळाला बाधण्याचं काय? इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. फिट्सच्या सगळ्या गोळ्या काही एका माळेचे मणी नाहीत. बाजारात या आजाराची वीसहून जास्त औषधं आहेत. पोटातल्या बाळावर होणाऱ्या परिणामाच्या बाबतीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. या लेखात मी मुख्यतः एकाच औषधाबद्दल लिहिणार आहे, कारण मुलांच्या वागण्याचा प्रश्न पुढे आला तो त्याच्यामुळे. ते औषध म्हणजे सोडियम व्हॅल्प्रोएट.

व्हॅल्प्रोइक ॲसिड हे रसायन १८८२ साली बेव्हर्ली बर्टन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं. पुढची ऐंशी वर्षं त्याकडे औषध म्हणून कुणी पाहिलंच नाही. इतर पदार्थ विरघळवायला प्रयोगशाळेत ते वापरलं जाई. १९६२ साली फ्रान्समध्ये पिएर एमार हा तरुण संशोधक वेगळ्याच पदार्थांची चाचणी करत होता आणि ते विरघळवण्यासाठी त्याने हे रसायन घेतलं होतं. जे जे त्यात घातलं, त्या सगळ्यानेच फिट्स थांबायला लागल्या, तेव्हा करामत विरघळवणाऱ्या रसायनाची आहे हे लक्षात आलं. १९६७ मध्ये फ्रान्सच्या बाजारात औषध आलं.

आणि औषध गुणी आहे, यात वाद नाही. किशोरवयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार असतो. मुलगी सकाळी उठते, हातांना बारीक झटके येतात, चहाचा कप किंवा दात घासायचा ब्रश हातातून उडतो. घरचे म्हणतात, वेंधळी आहे, झोप नीट झालेली नाही. मग एखाद्या दिवशी जागरणानंतर मोठी फिट येते आणि निदान होतं. अशा प्रकारच्या अपस्मारात व्हॅल्प्रोएटइतका हमखास गुण फार थोड्या औषधांनी येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत ते लेव्हेटिरॅसिटाम या नव्या औषधापेक्षा सरस ठरलं. शिवाय ते स्वस्त आहे, आणि मायग्रेन आणि बायपोलर डिसऑर्डर या मनाच्या आजारासाठीही दिलं जातं. म्हणजे आयुष्यात कधी फिट न आलेली बाईसुद्धा हीच गोळी घेत असू शकते. हा मुद्दा हमखास निसटतो.

धोक्याची पहिली घंटा १९८२ मध्ये फ्रान्समधल्याच लियाँ शहरातून वाजली. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये पाठीचा कणा नीट न मिटण्याचं व्यंग जास्त दिसत होतं. पुढे हृदयातली, टाळूची, मूत्रमार्गाची व्यंगं नोंदली गेली. २०१८ साली एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीतून आलेले आकडे असे : गरोदरपणात फक्त व्हॅल्प्रोएट घेतलेल्यांपैकी १०.३ टक्के बाळांमध्ये मोठं व्यंग होतं. कार्बामॅझेपिन या फिट्सच्या दुसऱ्या औषधाला हाच आकडा ५.५ होता. लॅमोट्रिजिन या आणखी एका औषधाला २.९ आणि लेव्हेटिरॅसिटामला २.८ टक्के, म्हणजे सर्वसाधारण बाळांमध्ये जितकं आढळतं त्याच्या जवळपास. मात्रा वाढली की धोका चढतो. दिवसाला १४५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांमध्ये तो २५ टक्क्यांवर गेला होता.

पण हे झालं डोळ्यांना दिसणाऱ्या व्यंगांचं. पाठीवरची जखम जन्मताच दिसते, डॉक्टर विचारतात, "गरोदरपणी कुठलं औषध चालू होतं?" आणि दोन गोष्टींची सांगड लागते. वागण्याचं तसं नसतं. बाळ गोंडस, वजन चांगलं, सगळं छान. दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तेव्हा आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. बालवाडीत एका जागी बसत नाही, तेव्हा बाई म्हणतात, लाडावलेला आहे. पहिलीत गेल्यावर लक्षात येतं, की इतर मुलं खेळताना हा कडेला उभा राहतो, सांगितलेलं अर्धंच ऐकतो, वेळापत्रकात जरा बदल झाला की आकांत करतो. सहा-सात वर्षं उलटलेली असतात. त्या वेळी आईला आठवतं का, की आपण गरोदरपणी कुठली गोळी घेत होतो? आठवलं तरी तिचा संबंध याच्याशी असेल, हे तिला कोण सांगणार?

म्हणून कण्याचं व्यंग उमगायला पंधरा वर्षं लागली आणि वागण्याचा प्रश्न ठोस आकड्यांनिशी मांडायला चाळीसहून जास्त. त्यासाठी गरोदरपणातच आयांची नावं नोंदवून मुलं मोठी होईपर्यंत वाट पाहावी लागते. दुसरा मार्गच नाही. १९९९ ते २००४ या काळात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २५ अपस्मार केंद्रांनी हेच केलं. आया कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट यांपैकी एकच औषध घेणाऱ्या होत्या. २००९ मध्ये मुलं तीन वर्षांची असतानाचे निष्कर्ष आले : व्हॅल्प्रोएट गटातल्या मुलांचा बुद्ध्यंक लॅमोट्रिजिन गटापेक्षा सरासरी ९ गुणांनी कमी. सहाव्या वर्षीही दरी भरली नाही. व्हॅल्प्रोएट गटाची सरासरी ९७, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनची १०८, कार्बामॅझेपिनची १०५. याच मुलांच्या वागण्याची वेगळी तपासणी झाली. त्यात व्हॅल्प्रोएट गटात रोजचे व्यवहार स्वतः करण्याचं कौशल्य कमी दिसलं, लक्ष न लागणं आणि वेगळं, विचित्र वाटणारं वागणं जास्त.

वागणं मोजतात तरी कसं? रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. पालकांना एक लांबलचक प्रश्नावली देतात. मूल शांत बसू शकत नाही का, नजरेला नजर देतं का, इतर मुलांशी जमवून घेतं का, विनाकारण रडतं का. प्रत्येक वाक्यापुढे साधारण तीन पर्याय असतात : लागू नाही, कधीकधी, बहुतेक वेळा. खुणा करायच्या, गुणांची बेरीज होते, आणि त्याच वयाच्या हजारो मुलांच्या गुणांशी ती ताडून पाहतात. शक्य असेल तिथे तीच प्रश्नावली शिक्षकांनाही देतात, कारण घरातलं मूल आणि वर्गातलं मूल ही पुष्कळदा दोन निराळी माणसं असतात. या पद्धतीला मर्यादा आहेत हे उघड आहे. अपराधी वाटणारी आई जास्त खुणा करू शकते. म्हणूनच एका अभ्यासावर कुणी विसंबत नाही.

नेदरलँड्समध्ये २०१९ साली, पोटात असताना फिट्सची औषधं मिळालेल्या सहा-सात वर्षांच्या १८१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार किंवा तज्ज्ञाचा सल्ला लागावा इतपत वागण्याच्या अडचणी व्हॅल्प्रोएट गटात ३२ टक्के मुलांना होत्या. कार्बामॅझेपिन आणि लेव्हेटिरॅसिटाम गटांत १४ टक्के, लॅमोट्रिजिन गटात १६. व्हॅल्प्रोएटच्या गटात मुलं अवघी २६ होती, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचायचा.

मोठ्या आकड्यांसाठी डेन्मार्ककडे जावं लागतं. तिथे प्रत्येक नागरिकाला जन्मापासून एक क्रमांक असतो. औषधाच्या दुकानातली चिठ्ठी, हॉस्पिटलातलं निदान, सगळं त्याला जोडलेलं. १९९६ ते २००६ या काळात जन्मलेल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेली मुलं ५०८ निघाली. ऑटिझम (स्वमग्नता) आणि त्याच्या जवळपासची निदानं या मुलांत ४.४ टक्के होती, एकूण मुलांत १.५ टक्के. पुढे २०१९ मध्ये त्याच देशातून एडीएचडीचे, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याचे, आकडे आले : व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांत ८.४ टक्के, न मिळालेल्यांत ३.२.

ऑटिझमचा आकडा जवळपास तिप्पट आहे खरा, पण तो उलटा वाचून पाहा. शंभरातल्या ९५ मुलांना ऑटिझम नव्हता. ही गोळी घेऊन बाळंत झालेल्या आणि आता हा लेख वाचून पोटात गोळा आलेल्या आईला हे आधी सांगायला हवं. मात्र ऑटिझम आणि एडीएचडी एवढ्यापुरताच विषय मिटत नाही. चालायला-बोलायला उशीर, भाषा कच्ची, स्मरणशक्ती कमी, असं सगळं धरलं तर व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांपैकी ३० ते ४० टक्क्यांपर्यंत मुलांना विकासाच्या कुठल्या ना कुठल्या अडचणी येऊ शकतात, असं युरोपच्या औषध नियामक संस्थेचं म्हणणं आहे. दिवसाला ८०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत बुद्ध्यंक घसरलेला दिसला नाही, तरी भाषेच्या क्षमता कमी आणि शाळेत जादा मदतीची गरज जास्त, असं एका ब्रिटिश अभ्यासात आढळलं. निश्चिंत राहता येईल अशी मात्रा अजून सापडलेली नाही.

चाणाक्ष वाचकाला एव्हाना शंका आली असेल. या आयांना अपस्मार आहे. मग मुलाची अडचण आजारातून, जनुकांतून आलेली असेल; वड्याचं तेल वांग्यावर तर काढत नाही ना आपण? शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही हीच खटकत होती. म्हणून डेन्मार्कमध्ये फक्त अपस्मार असलेल्या आयांची मुलं वेगळी काढली. दरी अरुंद झाली, पण राहिली : व्हॅल्प्रोएट घेतलेल्यांच्या मुलांत ऑटिझमच्या गटातली निदानं ४.२ टक्के, न घेतलेल्यांच्या मुलांत २.४. नॉर्वेत तर याहून नामी युक्ती केली. अपस्मार आईला नसून वडिलांना आहे अशी मुलं पाहिली. आजार जनुकांतून उतरत असेल तर तो वडिलांकडूनही उतरेल, पण गोळी काही पोटातल्या बाळापर्यंत पोचणार नाही. या मुलांचा विकास सर्वसाधारण मुलांसारखाच होता. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा हाच.

गोळी मेंदूत नेमकं काय करते, याचे काही दुवे हाती आहेत. व्हॅल्प्रोएट वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव, सहज ओलांडून बाळाच्या रक्तात जातं. आपल्या पेशींत जनुकं गरजेप्रमाणे चालू-बंद करणारी यंत्रणा असते, तिच्यातल्या एका एन्झाइमला ते अडवतं. फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामातही ते ढवळाढवळ करतं. मेंदूच्या पेशी कुठे जाऊन बसायच्या, कुणाशी जोडून घ्यायचं, हे पोटात असतानाच ठरत असतं. त्या कामाचं वेळापत्रक बिघडतं. कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी मिटते, तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. मेंदूची घडण मात्र नऊ महिने चालूच राहते. म्हणून "तिसरा महिना उलटला, आता धोका टळला" हे व्यंगांच्या बाबतीत बरंचसं खरं असलं तरी वागण्याच्या बाबतीत नाही.

एक प्रकरण सावधगिरी शिकवणारं आहे. टोपिरामेट हे फिट्स आणि मायग्रेन दोन्हींवर चालणारं औषध. २०२२ मध्ये नॉर्डिक देशांतल्या सुमारे ४५ लाख जन्मांच्या अभ्यासातून निघालं, की त्यानेही ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचा धोका वाढतो. जगभर बातम्या झाल्या. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या तितक्याच मोठ्या अभ्यासाने आईचा आजार आणि इतर औषधं हिशेबात धरल्यावर टोपिरामेटचा ऑटिझमशी संबंध जवळपास नाहीसा झालेला दाखवला. त्याच अभ्यासात, तेच सगळे हिशेब लावूनही, व्हॅल्प्रोएटचा धोका अडीचपटींहून जास्तच राहिला. टोपिरामेटबद्दलचा वाद मिटलेला नाही. दुभंगलेल्या टाळूसारखी व्यंगं आणि कमी वजनाची बाळं यांमुळे ते तसंही गरोदरपणात टाळण्याकडेच कल आहे.

दिलासा आहे तो लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटाम यांच्या बाबतीत. अमेरिकेत २०१२ ते २०१६ या काळात गरोदर स्त्रियांचा नवा गट नोंदवला, त्यात मुख्यतः हीच दोन औषधं होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी या मुलांची भाषा निरोगी आयांच्या मुलांइतकीच चांगली निघाली. शेवटच्या तिमाहीत लेव्हेटिरॅसिटामची रक्तातली पातळी फार चढलेली असेल तर गुण थोडे खाली येताना दिसले, त्यामुळे मात्रा लागेल तेवढीच ठेवायची. आणखी एक गोष्ट याच अभ्यासातून पुढे आली : प्रसूतीनंतर आईला असलेल्या चिंतेचाही मुलाच्या गुणांशी संबंध होता. बाळंतिणीच्या मनाची विचारपूस हा मुलाच्या विकासाचा भाग आहे, हे आपल्याकडे अजून औषधाच्या चिठ्ठीवर येत नाही.

लॅमोट्रिजिनची मात्र एक खोड आहे आणि ती घरच्यांनाही ठाऊक हवी. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे यकृत हे औषध झपाट्याने बाहेर टाकू लागतं. गोळी तीच, वेळ तीच, तरी रक्तातली पातळी पुष्कळ जणींमध्ये निम्म्यावर येते आणि फिट्स परततात. म्हणून रक्त तपासून मात्रा वाढवत न्यावी लागते. "गरोदरपणात डॉक्टरांनी गोळ्या कमी करायच्या सोडून वाढवल्या" अशी तक्रार ऐकू आली तर कारण बहुधा हे असतं. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत मात्रा पुन्हा उतरवावी लागते, नाहीतर चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो. बाळ हातात असताना हे परवडणारं नाही.

ज्या देशांत व्हॅल्प्रोएट जास्त वर्षं आणि जास्त सहज लिहिलं गेलं, तिथे याची मोठी किंमत मोजली गेली. फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांच्याच अंदाजानुसार १९६७ ते २०१६ या काळात १६,६०० ते ३०,४०० मुलांमध्ये या औषधामुळे मेंदूच्या विकासाच्या अडचणी निर्माण झाल्या. ब्रिटनमध्ये आयांनी संघटना उभारल्या, वर्षानुवर्षं झगडा दिला. २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने, या स्त्रियांचं ऐकूनच घेतलं गेलं नाही, असा ठपका आरोग्ययंत्रणेवर ठेवला. आता तिथे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे औषध देण्यावर कडक बंधनं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये हे औषध मुली आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना देऊ नये, अशी भूमिका घेतली.

आपल्याकडे केरळमध्ये तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही चालते. महाराष्ट्रात अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, असं मला वाटतं. मुलीच्या फिट्स लपवून लग्न लावलं जातं. अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचं कारण १९९९ मध्ये कायद्यातून काढून टाकलं गेलं, पण धास्ती गेली नाही. मग गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, कधी खाल्लेल्या, कधी चुकलेल्या. अशा मुलीने मूल होण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन औषध बदलून घ्यायचं कसं? नवऱ्यालाच माहीत नसेल तर?

आणि बदल करायचा तो आधीच. व्हॅल्प्रोएट हळूहळू उतरवून दुसरं औषध चढवायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्यानंतर फिट्स काबूत आहेत ना, हे काही काळ पाहावं लागतं. तोवर गर्भनिरोधक हवं, आणि इथेही मेख आहे. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. उलट इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी घसरते. तांबी किंवा दुसरा उपाय डॉक्टरांशी बोलून ठरवावा. फॉलिक ॲसिडही, म्हणजे गोळीच्या रूपातलं फोलेट, दिवस राहण्याआधीपासून सुरू करायचं. अमेरिका-ब्रिटनच्या त्याच अभ्यासात ज्या आयांनी ते आधीपासून घेतलं होतं त्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०८ होता, न घेतलेल्यांच्या मुलांचा १०१. मात्रा किती, हे डॉक्टर सांगतील.

व्हॅल्प्रोएट चालू असतानाच दिवस राहिले, तर त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला गाठायचं आणि तोवर एकही गोळी चुकवायची नाही. काही जणींना दुसरं कुठलंच औषध लागू पडत नाही, अशा वेळी कमीत कमी मात्रा ठेवून पुढे जातात. तो निर्णय आईचा आणि तज्ज्ञांचा. त्यावरून तिला कुणी बोल लावू नये.

बाळ झाल्यावर स्तनपान? करावं. अंगावर पाजलं तर औषध दुधातून जातं, पण थोडं. औषधं चालू असताना अंगावर पाजलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सहाव्या वर्षी कमी निघाला नाही, उलट थोडा सरस निघाला. फक्त रात्री कुणीतरी सोबतीला हवं, कारण तुटलेली झोप हे फिट्सचं जुनं निमित्त आहे.

मग मुलावर लक्ष ठेवायचं. हाक मारल्यावर वळून पाहणं, बोटाने दाखवणं, दीड-दोन वर्षांत शब्द येणं, इतर मुलांत रमणं. शंका आली तर "मोठेपणी होईल नीट" म्हणत थांबायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे वाचा, वर्तन, श्रवण यांची तपासणी आणि थेरपी मोफत होते. वागण्याच्या अडचणींवर थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितका तिचा उपयोग जास्त. तिथे जाताना एक कागद सोबत न्या : गरोदरपणी कुठलं औषध होतं, किती मिलिग्रॅम, कितव्या महिन्यापर्यंत. बालरोगतज्ज्ञ हे आपणहून विचारतीलच असं नाही. बाळंतपणाची फाईल माहेरी राहिली असेल तर ती मागवून घ्या आणि औषधाचं नाव मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर आजच लिहून ठेवा.